दारापुढं बसलेला गोफण्या

तेलगावच्या एका जिनिंगवर कापसाच्या गाड्या आल्या की आधी लोखंडी काट्यावर चढतात. तिथं खिडकीच्या आत बसून जो माणूस आकडा बघतो, तो राधाकिशन. भरली गाडी, रिकामी गाडी, पावती फाड, पुढची घे. अख्ख्या पंचक्रोशीचं वजन करणारा माणूस, पण गावात त्याचं स्वतःचं वजन म्हणाल तर पावशेराच्या आत. वय छत्तीस. अंगानं शेवग्याची शेंग. बोलणं एवढं जपून, की रात्रीच्या आमटीत मीठ नव्हतं हे बायकोला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचा.

"तवाच बोलला असता तर मीठ काय तालुक्याहून आणायचं व्हतं का?" शिवकन्या म्हणायची.

"तवर जेवण झालतं ना," हा म्हणायचा.

असा हा मुखदुर्बळ माणूस रविवारी दुपारी बंद शाळेच्या व्हरांड्यात मांडी घालून बसला, की अंगात वारं शिरल्यासारखा व्हायचा. आवाज बदलायचा, हात बोलायला लागायचे. त्यानं नुसतं म्हणावं, "पुढं नदी हाय, पूल मोडलाय, अन् पल्याड अंधारात कुणीतरी चिलीम वढतंय," की ऐकणाऱ्याच्या नाकाला तंबाखूचा वास यावा.

कॉलेज शिकायला तो पुण्याला गेला होता. कॉलेज अर्ध्यात सुटलं, पण तिथल्या होस्टेलातनं एक खेळ घेऊन आला. हा खेळ पत्त्यांचा नाही, सोंगट्यांचा नाही, मोबाइलवरचा तर मुळीच नाही. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीत राहायचं, एवढाच तो. सांगणारा अडचण उभी करतो आणि विचारतो, "काय करता?" मग ज्यानं त्यानं आपापल्या सोंगाचं सांगायचं. मी पोहतो, मी उडतो, मी झाडावर चढून बसतो. जमलं का फसलं ते फासा ठरवणार. फासा बोराएवढा, वीस तोंडांचा. प्रत्येक सोंगाचा एक कागद असतो. बळ किती, अक्कल किती, कशात पटाईत, कशात कच्चा, सगळं त्यावर लिहिलेलं. हे लोक त्याला कुंडली म्हणत. आणि सांगणाऱ्याला म्हणतात गेम मास्टर. गावानं त्याचा मास्तर केला. शाळेच्या व्हरांड्यात बसतो म्हटल्यावर सोपंच झालं.

पहिल्या वर्षी लोकांना वाटलं, पोरं जुगार खेळतात. कुणीतरी चहाडी केली आणि हवालदार आला. फासा उलटासुलटा करून बघितला, पैसे कुठं दिसेनात, म्हणून जरा बसला. जरा म्हणता म्हणता दोन तास बसला. मोटारसायकलला किक मारता मारता मान वळवून विचारतो, "मंग त्या राक्षसाचं काय झालं?"

खेळणारे तिघं. एक सटवा. मेंढपाळाचा पोरगा, जन्मापासून मेंढरांच्या पायाची धूळ खाल्लेला. त्यानं सोंग घेतलं उडणाऱ्या माणसाचं. "लई चाललो बे, आता वरून बघतो," म्हणाला. दुसरा अमरसिंह, पुढारी विठ्ठलरावांचा मुलगा. कुठं गेला तरी लोक खुर्ची पुसून देतात, त्यानं सोंग घेतलं कुणाला दिसत नाही अशा माणसाचं. आणि तिसरा हरिओम. केजपर्यंत वडापची जीप चालवायचा, दहाच्या जागी अठरा माणसं कोंबून. चाकावर बसून बसून त्याला चाकाचा वीट आला होता. तो झाला गोफण्या. पायी चालणारा, गोफणीचा धोंडा चुकत नाही असा.

सहा वर्षं ही गोष्ट चालली होती. गोष्ट अशी, की शोष्या नावाचं एक भूत नद्या पीत सुटलंय. जिथं तोंड लावील तिथली नदी आटते. कपिलधारच्या धबधब्यामागं एक दार आहे, खऱ्या कपिलधारला नाही, राधाकिशनच्या कपिलधारला, आणि त्या दारामागं शोष्या बसलाय. दार उघडायचं तर तिघांचे फासे एका दमात पडायला पाहिजेत. सहा वर्षं चालत, लढत, भांडत, मधे एकदा चार महिने नुसत्या एका गाढवाच्या मालकीवरून वाद घालत, तिघं त्या दारापुढं येऊन पोचले होते.

या खेळात राधाकिशननं एक कायदा केला होता. ज्याचा फासा त्यानंच टाकायचा. तो नसला तर त्याच्या घरच्या माणसानं टाकायचा, परक्याचा हात चालणार नाही. हा कायदाही भांडणातनंच आला. एका रविवारी सटवाच्या मेंढ्या व्यायला लागल्या, तो आला नाही, म्हणून त्याच्या वाटचा फासा अमरसिंहानं टाकला आणि उडत्या माणसाचं तंगडं मोडून ठेवलं. सटवा महिनाभर बोलला नाही. तेव्हापासून तो नसला की त्याचा भाऊ यायचा, काही न विचारता फासा टाकायचा आणि मेंढरांकडं परत जायचा.

दारापाशी पोचले त्या आठवड्यात हरिओमचे डोळे पिवळे झाले.

कावीळ. लोकांनी सांगितलं, अमक्या गावाला रविवारी नाकात रस घालतात, तीन रविवार घ्यायचा. पोरगं तीन रविवार तिकडं गेलं. तिसऱ्या खेपेला परत आलं ते खाटेवरच पडलं. राधाकिशन बघायला गेला तर हळदीत बुचकळून काढल्यासारखा दिसत होता.

"मास्तर," हरिओम म्हणाला, "माझ्याबिगर दार उघडू नका बे."

"कुठं उघडतो? तू ऊठ तर आधी."

"सटव्याचा भरवसा न्हाई. उडत जाईल आत."

हसला, आणि त्या हसण्यानंच दमला. शिमग्याच्या आधी चार दिवस गेला. चौतिसाव्या वर्षी, बिनलग्नाचा.

दहाव्याला नदीवर सगळे पुरुष जमले. पिंड ठेवले. समोर बाभळीवर कावळा बसलेला, एकच. पूर्वी कावळ्यांची काय कमी होती, पत्रावळ ठेवायचा अवकाश. आता तेही कुठं गेलेत कोण जाणे. हा एक होता आणि तो काही खाली येईना. कावळा शिवला नाही म्हणजे जाणाऱ्याचा जीव कशाततरी अडकलाय. मग ज्यानं त्यानं हात जोडून शब्द द्यायचा असतो.

थोरला भाऊ आदिनाथ पुढं झाला. "हरी, आईला अंतर देणार न्हाई. जा बाबा सुखानं." कावळा हलला नाही. "तुझी जीप इकणार न्हाई." कावळ्यानं पंख खाजवला. चुलता म्हणाला, "मारुतीला तुझ्या नावानं पायरी बांधतो." काही नाही. मग विठ्ठलराव उठले, घसा साफ केला आणि म्हणाले, "गावात हरिओमच्या नावाची कमान उभी करू." कावळ्यानं तोंडच फिरवलं. विठ्ठलरावांचा शब्द त्याच्याही ओळखीचा असावा.

ऊन तापलं. शेवटी एका म्हाताऱ्यानं दर्भ घेतला आणि त्याचा कावळा वळायला बसला. खरा नाही आला तर दर्भाचा शिववायचा आणि मोकळं व्हायचं. आदिनाथची मान खाली गेली. सख्ख्या भावाला दर्भाचा कावळा, यापरीस लाज ती कुठली.

तेवढ्यात राधाकिशन पुढं आला. चष्मा पुसला, परत घातला. आणि रविवारच्या आवाजात नाही, रोजच्या त्या मीठ नसलेल्या आवाजात म्हणाला, "हरिओम, तुझा खेळ पुरा करतो. वर्षाच्या आत."

कावळा उतरला. पहिल्या पिंडाला चोच मारली, दुसऱ्याला मारली, आणि पोटभर खाऊन गेला.

आता खरं बोलायचं तर दोन तास झाले होते, त्यालाही भूक लागली असेल. पण हे त्या वेळी कोण म्हणणार? सगळ्या माणसांनी माना वळवून राधाकिशनकडं बघितलं. सांजेपर्यंत गावभर झालं. दळणाच्या रांगेत, बसस्टँडवर, हातपंपावर एकच गोष्ट. पोराचा जीव आईत नव्हता, जीपमधे नव्हता, मास्तरच्या खेळात अडकला होता. जो तो राधाकिशनला विचारू लागला, "कवा पुरा करतो मास्तर?" सहा वर्षं ज्यांनी खेळाला नाकं मुरडली, तेच आता तारखा मागायला लागले.

तेरावं झाल्यावरच्या पहिल्या रविवारी तिघं व्हरांड्यात बसले. हरिओमची जागा रिकामी. तिथं त्याची कुंडली ठेवली आणि वर त्याचा निळा फासा.

अमरसिंह म्हणाला, "मास्तर, तूच टाक त्याच्या वाटचा. दार उघडू, शोष्याला मारू, झालं. एका दुपारचं काम."

"कायदा हाय," राधाकिशन म्हणाला.

"तुझाच कायदा हाय ना? बदल की. सरकार रोज बदलतंय."

सटवा म्हणाला, "अमऱ्या, ह्यानं कावळ्यापुढं शब्द दिलाय. आता खोटा फासा टाकून पुरा करायचा का? दर्भाचा कावळा काय वाईट व्हता मंग?"

कायदा कायम राहिला. घरचं माणूस पाहिजे.

राधाकिशन आदिनाथकडं गेला. आदिनाथ जीप धूत होता, त्यानं बादली खाली आपटली.

"आईचं बोललो तवा आला न्हाई. जीपचं बोललो तवा न्हाई. अन् तुझ्या ह्या पोरखेळाला आला! माझा सख्खा भाऊ व्हता तो. मी काय कमी केलतं त्याला?"

"तसं न्हाई रं आदिनाथ..."

"माझ्या हातानं न्हाई. परत इचारू नको."

राधाकिशन वळला. घरात उंबऱ्याच्या आत वत्सलाबाई, हरिओमची आई, गहू निवडत बसल्या होत्या. सगळं ऐकलं होतं. सुपातनं नजर न काढता म्हणाल्या, "रविवारी किती वाजता असतंय तुमचं?"

वत्सलाबाई आल्या. गुंडाळलेलं जुनं पोतं काखेत घेऊन आल्या, थंड फरशीवर गुडघे धरतात म्हणून. फडक्यात भाकरी, कांदा, शेंगदाण्याची चटणी. पुरुषांत कशा बसायच्या म्हणून सटवानं सरकून खांबाची जागा दिली.

"बसा मावशी. टेका."

"टेकायला न्हाई आले. बघायला आले." त्यांनी तिघांकडं एकेकदा पाहिलं. "माझ्यापरीस काय मोठं व्हतं त्याला, ते बघायचंय."

अमरसिंह उगंच बुटाची लेस बांधायला लागला.

राधाकिशननं कुंडली उचलली आणि वाचून दाखवली. गोफण्या. बळ एवढं, चपळाई एवढी, धोंडा चुकत नाही. भीती कशाची, तर बंद खोलीची. वत्सलाबाई ऐकत राहिल्या.

"बंद खोलीची व्हयच," म्हणाल्या. "लहानपणी कणगीत अडकलता. कुणाला ठावं नव्हतं. तुमाला सांगितलं का त्यानं?"

"न्हाई मावशी. नुसतं कागदावर लिवलतं."

मग राधाकिशननं गोष्ट सुरू केली. आज त्यानं सगळा जीव ओतला. सहा वर्षांची वाट दोन तासांत सांगितली. मोडका पूल, गाढव, धुरातली माणसं, आणि शेवटी कपिलधार. पाणी असं पडतंय की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि पाण्याच्या पडद्यामागं काळं दगडी दार. सटवाच्या तोंडात कांदा तसाच राहिला. गोष्ट दारापाशी आली तेव्हा वत्सलाबाई पुढं वाकल्या होत्या.

"हे तिघं तिथं कवापासून उभे हायत?"

"आता दोन महिने झाले म्हणायचं."

"जेवले काय?"

सहा वर्षांत हा सवाल राधाकिशनला कुणी केला नव्हता. "शिदोरी असंल की."

"असंल न्हवं. हाय का न्हाई?"

"हाय, मावशी."

"मंग आधी जेवू दे. ते उडणारं बी बस म्हणावं खाली."

सटवा म्हणाला, "बसलो मावशी." त्याच्या डोळ्यांतनं पाणी आलं, कांद्याचं नाव पुढं केलं.

जेवणं झाली. गोष्टीतलीही आणि व्हरांड्यातलीही. मग राधाकिशननं निळा फासा वत्सलाबाईंच्या तळहातावर ठेवला. "आता तुमी तिघांनी एकदम टाकायचं. दार उघडंल."

त्यांनी फासा बोटांनी फिरवला. एक एक तोंड चाचपलं, लसूण सोलताना पाकळी चाचपतात तसं.

"आत गेल्यावर काय?"

"शोष्या हाय. लढाई."

"मरतं का माणूस त्यात?"

आता इथं राधाकिशन खोटं बोलला असता तर गोष्ट त्याच दुपारी संपली असती, वर्षाच्या आत काय, महिन्याच्या आत. पण ह्या माणसाला काट्याची सवय. किलोचा काटा इकडचा तिकडं न केलेला. तो म्हणाला, "मरू शकतं मावशी. फासा पडंल तसं."

वत्सलाबाईंनी मान हलवली. फासा पदराच्या टोकात ठेवला, गाठ मारली, गाठीवर दुसरी गाठ मारली.

"मंग न्हाई जात तो," म्हणाल्या. पोतं गुंडाळलं आणि घरी गेल्या.

पुढच्या रविवारी परत आल्या. राधाकिशनला आशा वाटली. त्यानं विचारलं, "गोफण्या काय करतो?" त्या म्हणाल्या, "आज अंघोळ केली त्यानं. एवढं पाणी हाय, कापडं बी धुतली." त्याच्या पुढच्या रविवारी झोपला होता. त्याच्या पुढं गोफण विणत होता. एकदा वत्सलाबाईंना ताप होता, तरी आल्या, आणि म्हणाल्या, "त्यालाबी बरं न्हाई आज, पडू दे." सगळं करायचा, दाराकडं तेवढी पाठ करून बसायचा.

राधाकिशन बिचारा काय करणार? गोष्टीचेही काही कायदे असतात. शोष्याला कुणी अडवलं नाही तर तो पीतच राहणार. म्हणून तो दर रविवारी प्रामाणिकपणे सांगायचा. धबधबा जरा बारीक झालाय. आवाज कमी झालाय. आता शेजारच्याचं बोलणं ऐकू येतंय. वत्सलाबाई ऐकायच्या, मान हलवायच्या आणि गोफण्याला सावलीत सरकवायच्या.

दसऱ्याला अमरसिंह खेळातनं सुटला. निवडणुका लागणार होत्या, विठ्ठलरावांनी त्याला उभं करायचं ठरवलं. शेवटच्या रविवारी पांढऱ्या कपड्यात आला. "मास्तर, माझा दिसत न्हाई तो माणूस आता दिसायला लागला बे. सगळ्या पोस्टरवर हाय." आपली कुंडली चौपट घडी करून खिशात घातली. ठेवून जा म्हणायचं राधाकिशनच्या जिवावर आलं.

दिवाळीनंतर सटवा मेंढरं घेऊन गोदाकाठाला, गंगथडीला निघाला. दरवर्षी जायचा, पण दरवर्षी त्याचा भाऊ मागं असायचा. या वर्षी भावाला पुण्यात वॉचमनची नोकरी लागली होती. जायच्या आदल्या दिवशी सटवा काट्यावर आला आणि गाड्यांच्या रांगेत उभा राहिला.

"राध्या, तिला एकदा समजावून सांग ना. नुसता फासा टाक म्हणावं."

"सांगितलं."

"मंग?"

"म्हणती, तुझ्या आईला सांगशील का?"

सटवा बराच वेळ काट्याच्या आकड्याकडं बघत राहिला. काट्यावर तोच उभा होता. "अठ्ठावन्न," म्हणाला. "मला वाटलतं जास्त भरंन." आणि गेला.

राहिले दोघं. शिवकन्या आता टोमणा मारायचं सोडून उलट काळजी करायला लागली होती. एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, तुमीच गोष्ट सांगता ना? मंग त्या भुतालाच बाहेर काढा की. दारात येऊन उभं राहिलं म्हंजे मावशी काय करत्याल? टाकावाच लागंल फासा."

राधाकिशनला ते पटलं. पटलं म्हणजे काय, दुसरं काही उरलंच नव्हतं. संक्रांत झाली होती, शिमगा दीड महिन्यावर आलेला. रविवारी त्यानं आवाज काढला. दार आतनं करकरलं, दगडाचा भुगा पडला, आणि शोष्या बाहेर आला. जीभ बारवेतल्या गाळासारखी काळी. गोफण्याच्या अंगावर त्याची सावली पडली. "काय करतो गोफण्या?"

वत्सलाबाईंचा हात पदराच्या गाठीवर गेला. गाठ सुटते का काय असं एक क्षण वाटलं. मग त्यांनी वर पाहिलं.

"राधू, ह्याला तू बाहेर काढलं का तो आपणहून आला?"

राधाकिशननं कुंडलीचा कोपरा सरळ केला.

"गोष्ट तूच सांगतो न्हवं? तुझ्या तोंडात हाय सगळं. मंग कावून आणतो त्याला माझ्या पोराच्या अंगावर?" आवाज चढवला नाही. शेजारणीला विचारावं, तुझी गाय माझ्या परसात कावून सोडली, एवढ्याच सुरात विचारलं. "पहिल्यांदा देवानं आणलं, ते मी काय करणार. ह्या खेपेला तरी माणसानं आणू नये."

राधाकिशननं चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसला. मग हळूच म्हणाला, "शोष्या आत गेला. दार लागलं."

"नीट लागलं का?"

"लागलं मावशी."

"मंग जेवू चला," म्हणाल्या आणि फडकं सोडलं.

त्या संध्याकाळी घरी येऊन राधाकिशन ओसरीवर बसला तो उठेना. शिवकन्येनं चहा आणला, निवला, परत तापवून आणला. तिला एवढंच म्हणाला, "पुरा केला तर तिचा पोरगा मी मारला. न्हाई केला तर त्याच्यापुढं खोटा पडलो."

शिवकन्या त्याच्याजवळ टेकली. एरवी जिभेला हाड नसलेली बाई, आज एवढंच म्हणाली, "आज आमटीत मीठ बरूबर हाय." तो जेवायला उठला.

वर्षश्राद्ध आलं. राधाकिशन रात्रभर डोळा न लागता नदीवर गेला, सगळ्यांच्या मागं उभा राहिला. पिंड ठेवले. कावळा येणार नाही, लोक माना वळवणार, आदिनाथ विचारणार, काय रे, शब्द कुठं गेला?

कावळे आले. एक नाही, तीन. पिंड ठेवून हात निघाला नाही तोच तुटून पडले, त्यांची आपापसात भांडणं लागली. लोकांनी हात जोडले, "चला, तृप्त झाला," म्हणाले आणि पत्रावळीकडं वळले. राधाकिशनला कुणी काही विचारलं नाही. वर्षभरात निवडणूक झाली, अमरसिंह पडला, दोन लग्नं मोडली, हातपंप बिघडला. खेळाचं कुणाच्या ध्यानातही नव्हतं. आदिनाथनं त्याच्या पत्रावळीवर दुसरी पुरी वाढली आणि "घे की, लाजतो कावून?" म्हणाला, एवढंच.

जेवताना फोन वाजला. गंगथडीवरनं सटवा. मागं मेंढरं ओरडत होती.

"आज हाय ना बे वर्ष? झाला का पुरा?"

राधाकिशन पत्रावळीवरनं उठला, बाजूला गेला. अख्ख्या गावात आठवण ठेवणारा एकटाच, तोही दूर नदीकाठी, आकाशाखाली.

"झाला," राधाकिशन म्हणाला.

"खरं? मावशींनी टाकला?"

"टाकला."

"किती पडलं?"

"वीस."

सटवानं शीळ घातली, इतकी मोठी की तिकडं कुत्री भुंकायला लागली. "अन् माझ्या वाटचा कुणी टाकला?"

किलोचा काटा इकडचा तिकडं न करणाऱ्या माणसाला घाम फुटला. "तुझा... तू उडत व्हतास वर. तुझी गरज पडली न्हाई."

तिकडनं मेंढरांचाच आवाज येत राहिला. मग सटवा म्हणाला, "बरं केलं. बरं केलं मास्तर." आणि फोन ठेवला. त्याला कळलं का नाही, ते राधाकिशनला कधी कळलं नाही. त्यानंतर सटवानं खेळाचं काढलं नाही. पावसाळ्यात परत आला तेव्हा रविवारी व्हरांड्याकडंही आला नाही, लांबनं हात केला.

वर्षश्राद्धाच्या नंतर जो रविवार आला, त्या दिवशी राधाकिशन जाणार नव्हता. खोटं बोलून झालं होतं, आता कशाला जायचं? पण दुपार कलली तसे पाय आपसूक वळले. शाळेचा व्हरांडा, खांब, आणि खांबाला टेकून वत्सलाबाई. फडकं मांडीवर. एका वर्षात केवढ्या तरी वाळल्या होत्या, वाळवणातल्या मिरचीगत.

"उशीर केला," म्हणाल्या.

"व्हय मावशी."

"वर्ष झालं म्हणत व्हते सगळे. आदिनाथ म्हणला, आता कशाला जाती. म्हणलं, पोरगं एकटं बसलंय तिथं." त्यांनी पदराचं टोक पुढं घेतलं, दोन्ही गाठी घट्ट आहेत का ते चाचपलं, परत कमरेला खोचलं. "सांग. आज काय हाय?"

राधाकिशन समोर बसला. त्याच्यापुढं आता एकच कुंडली होती, घामानं आणि चटणीच्या तेलानं मऊ पडलेली. वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर त्यानं चष्म्याचं घर ठेवलं.

"बसलाय," तो म्हणाला. "दारापुढं."

"ऊन हाय का त्याच्यावर?"

"न्हाई. सावलीत हाय."

"पाणी?"

गोष्टीतल्या त्या कपिलधारच्या कड्यावरनं किती पाणी पडत असेल याचा त्यानं विचार केला. सटवाला खोटं सांगितलं होतं. ते एकच पुरे होतं.

"करंगळीएवढं राहिलंय, मावशी."

वत्सलाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर चटणी ठेवली आणि त्याच्या हातात दिला.

"मंग कळशी लाव म्हणावं त्याला," त्या म्हणाल्या. "हाय तवर भरून घेऊ दे."